गिरणीवरचा पेंटर

पहिल्याच दिवशी बाळासोनं कॅनव्हासला नाक लावलं. दोन-तीनदा हुंगून झाल्यावर त्यानं मागच्या बाजूनं नखानं खरवडलं आणि ते नखही नाकाशी नेलं. पेंटर जिनेंद्र हाताची घडी घालून बाजूला उभा होता. कॅनव्हास अजून कोराच होता.

"कोरा हाय, पावणं," जिनेंद्र म्हणाला. "अजून त्यात मी काय मिसळलं न्हाय."

बाळासोला हा विनोद आवडला नाही. मुरगूडजवळच्या एका वाडीतल्या दूध संस्थेचा तो सचिव. एकतीस वर्षं सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाचा कस तपासून, फॅट काढून त्याचा स्वभावच तसा झाला होता. किटलीचं झाकण उघडायच्या आत, माणूस कसा चालत येतोय यावरून तो ठरवायचा, की आज दुधात पाणी आहे. निम्म्या वेळा ते खरं निघायचं, त्यामुळं संशय घेणं हा दुर्गुण आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा तो आधी उजेडात धरून बघायचा.

आणि चित्राच्या बाबतीत तर त्याचे हात चांगलेच पोळले होते. चार वर्षांपूर्वी त्याचे वडील पिराजी गेले. संस्था त्यांनीच काढलेली. रस्ता नव्हता, पूल नव्हता, तेव्हापासून हा माणूस वाडीचं दूध खांद्यावर घेऊन चिखलातनं मुरगूडला पोचवायचा. म्हणून वर्षश्राद्धाला संस्थेच्या कचेरीत त्यांचं तैलचित्र लावायचं ठरलं. आमच्याकडं माणूस मोठा होता याचा पुरावा म्हणजे सोनेरी चौकटीतलं तैलचित्र, त्याला चंदनाचा हार आणि वर एक मिणमिणता बल्ब. त्याशिवाय मोठेपण पटत नाही कुणाला. एका दुकानानं फोटोवरून आठ दिवसांत चित्र करून दिलं. पुढच्या जुलैत कचेरीच्या भिंतीला ओल आली आणि पिराजींची मिशी ओघळत कॉलरपर्यंत आली. फोटो कॅनव्हासवर छापून वरनं नुसता वार्निशचा ब्रश फिरवला होता.

पण बाळासोला लागलं होतं ते वेगळंच. अनावरणाच्या दिवशी त्याच्या आईला, धोंडुबाईला, हाताला धरून चित्रापुढं आणलं होतं. म्हातारीची नजर अधू. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यो कोण पावणा?" लोक हसले. आयेला दिसत न्हाय, म्हणाले. म्हातारीनं हार घातला नाही, आणि त्या दिवसापासून नवऱ्यानं उभ्या केलेल्या त्या कचेरीची पायरी ती चढली नाही. आता ती चौऱ्याऐंशीची होती. जायच्या आधी एकदा तरी आयेनं चित्रातल्या बापाला ओळखावं, एवढं एकच बाळासोला हवं होतं.

म्हणून चौथ्या पुण्यतिथीला नवं चित्र करायचं ठरलं तेव्हा त्यानं चेअरमन उदयसिंहांना सांगून टाकलं, "पेंटरच्या डोक्यावर बसून करून घेतो. रोज एस्टीनं जाणार, डोळ्यांत तेल घालून बघणार. छापलेलं परत चालायचं न्हाय." चेअरमन म्हणाले, "जा की. तुझ्यावाचून कोण बघणार?"

जिनेंद्रची खोली शहरातल्या गंगावेशीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. जिन्याच्या पायऱ्यांवर पिठाचा थर, खाली गिरणीची धडधड, वर टर्पेंटाइनचा वास. जिनेंद्र साठीला आलेला, काटक, मूळचा कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातला. पहिल्या दिवशी त्यानं पिराजींचा फोटो भिंतीला टाचला, एका जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली आणि खुर्चीत बसला. कुणीतरी बाई इंग्रजीत, जाड्याभरड्या आवाजात, अगदी सावकाश गात होती. मागं एक वाद्य तिच्या प्रत्येक ओळीला नाक मुरडल्यागत उत्तर देत होतं. जिनेंद्र पाय हलवत फोटोकडं बघत बसला. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले.

"काम कवा सुरू करणार?" बाळासोनं विचारलं.

"चालूच हाय की."

बाळासोनं खोलीभर नजर फिरवली. आतल्या खोलीला कुलूप होतं. आता गाणं एवढं मोठ्यानं कशापायी लावायचं? आतल्या मशीनचा आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच की! सव्वापाचला जिनेंद्रनं टेप बंद केला, हात धुतले आणि म्हणाला, "चला, बंद." बाळासोनं बसस्टँडवरून चेअरमनना फोन लावला. "दिवसभर एक रेघ मारली न्हाय. इंग्रजी गाणी ऐकतोय. आतल्या खोलीला कुलूप. आन पाच वाजले की पळतोय. कायतरी काळंबेरं हाय." चेअरमन म्हणाले, "ध्यान ठेव."

दुसऱ्या दिवशीही तेच. फक्त या वेळी गाण्यात माणूस नव्हता, नुसता पत्र्याच्या वाद्यांचा कल्ला होता. सव्वापाचला जिनेंद्र निघाला तसा बाळासो पंचवीस पावलं मागं ठेवून त्याच्या पाठोपाठ निघाला. एका पानाच्या टपरीआड थांबला, एका टेम्पोमागं लपला. जिनेंद्र एका बोळात वळला, एका घरात शिरला. बाळासो दारातनं डोकावला तर पेंटर पाटावर बसलेला, समोर ताट.

"या की पावणं," जिनेंद्र मान वर न करता म्हणाला. "टपरीपासनं बघतोय. आमी दिवस मावळायच्या आत जेवतो. बसा."

बाळासोचं तोंड बघण्यासारखं झालं. पण जिनेंद्रची बायको स्नेहल हिनं तोवर दुसरा पाट मांडलाही होता. आमटीत कांदा नव्हता, लसूण नव्हता, तरी चव होती, म्हणून बाळासोला त्या आमटीचाही संशय आला. स्नेहल मात्र मोकळी बाई. तिनं विचारायच्या आत सांगायला सुरुवात केली.

"तुमास्नी ती गाणी खटकली असतील. मला बी खटकलीती. मी तर ह्यास्नी डॉक्टरकडं नेलंतं."

तिनं सांगितलं ते असं. जिनेंद्र कुरुंदवाडहून चित्रकला शिकायला आला आणि इथंच राहिला. आधी थिएटरांचे बोर्ड रंगवले, मग गेलेल्या माणसांची तैलचित्रं. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर, आणि एकेक चौकट भरत जायची. वीस वर्षं त्यानं हे केलं. हुबेहूब म्हटलं की लोक त्याचं नाव घ्यायचे. मग एकदा इचलकरंजीच्या झुंबरबाई नावाच्या विधवेला तिच्या नवऱ्याचं चित्र नेऊन दिलं. बाईनं बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "बेस झालंय. पर फोटो तर घरात होताच की, पेंटर. तुमी काय केलंसा?"

"त्या दिवसापासनं ब्रश धरला न्हाय बघा," स्नेहल म्हणाली. "सात महिनं. बाबालाल मास्तरांच्या बँडच्या गाडीवर अक्षरं रंगवायला बोलावलं, तेवढं पोटासाठी गेले. तिथनं हे येड घेऊन आले."

जिनेंद्र शांतपणे ताक पीत होता. बाळासोला वाटलं, नवरा-बायकोनं मिळून पाठ केलेलं असणार हे.

तिसऱ्या दिवशी त्यानं जिनेंद्रलाच छेडलं. "ह्या गाण्यात काय हाय ते तरी सांगा. एक अक्षर कळत न्हाय."

"मला बी कळत न्हवतं. बाबालाल मास्तर लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेला की पाच-दहा मिनिटं बँडला काम नसतंय. तेवढ्यात मास्तर हळूच असलं कायतरी वाजवायचे. त्यांच्या गोव्याच्या उस्तादानं शिकवलेलं. मी इचारलं, ह्ये काय? तर म्हणाले, अमेरिकेत काळ्या लोकांस्नी कापसाच्या रानात जनावरागत राबवलं, त्यांच्या पोटातलं हाय. मला वाटलं, रडगाणी असणार. पण रडगाणी न्हाईत ती. रडून झालं, तोंड धुतलं, परत कामाला लागलं, मग जे तोंडात येतंय ते ह्ये." जिनेंद्रनं कॅसेट बदलली. "आता ह्ये ऐका. ह्यात सगळ्यांस्नी चाल ठाऊक हाय. पर कोण जशीच्या तशी वाजवत न्हाय. मोडत बी न्हाईत, वाकवत्यात. ज्याला जिथं दुखतंय तिथं तो वाकवतोय. मी वीस वर्षं चाल जशीच्या तशी उतरवत बसलोतो. झुंबरबाईनं बरोबर वळखलं."

मग त्यानं आपणहून आतल्या खोलीचं कुलूप काढलं. आत मशीन नव्हतं. भिंतीला टेकवून एक चित्र होतं, उसाच्या रिकाम्या बैलगाडीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या म्हाताऱ्याचं. "आमचे वडील. आईनं सांगितलंय, पावण्यारावळ्यांस्नी दाखवायचं न्हाय. म्हणून कुलूप. आन ती रोज सकाळी, कोण यायच्या आत, येऊन ह्याच्यापुढं बसती." बाळासोनं चित्र हुंगलं. खरं जवसाचं तेल होतं, छपाईची शाई नव्हती. त्याला उगाच हिरमुसल्यासारखं झालं.

आणि मग गंमत अशी झाली की संशय उलटा फिरला. जिनेंद्र फोटोपाशी गेला आणि म्हणाला, "एक इचारू? म्हातारबा श्वास धरून का बसल्यात?"

"कुठं? नीट तर बसल्यात."

"कोट दुसऱ्याचा हाय. बाह्या बघा. आन हा डावा खांदा असाच होता? गुंड्यांची रेघ तिरकी पडलीया आन खांदे सरळ. कुणीतरी मागनं वर उचलून धरल्यागत."

"असाच होता," बाळासो म्हणाला.

"नक्की?"

"माझा बाप हाय का तुमचा?"

जिनेंद्रची नजर बाळासोच्या तोंडावरून हलली नाही. दुधात पाणी घालून आलेल्या माणसाकडं बाळासो स्वतः याच नजरेनं बघायचा. ती नजर आपल्यावर आली की कसं वाटतं हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि घरी जाताना एस्टीत कागलपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

कारण तो खोटं बोलला होता. पिराजींचा डावा खांदा पार उतरलेला होता. सोळा वर्षं वीस लिटरचा कॅन त्या एकाच खांद्यावर वाहिलेला. उजव्या हातात काठी लागायची. शाळेत पोरं बाळासोला 'तिरक्या पिराजीचं पोर' म्हणायची. तालुक्याचं बक्षीस मिळालं तेव्हा मुरगूडच्या स्टुडिओत फोटो काढायला गेले, तेव्हा बाळासो एकोणीस वर्षांचा होता. कोट त्यानंच मागून आणला होता. पडद्यामागनं हात घालून बापाचा खांदा त्यानंच वर उचलून धरला होता, आणि दबक्या आवाजात म्हणाला होता, "ताठ बसा की जरा. लाज आणता." पिराजी श्वास धरून बसले होते.

चौथ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. कुरिअरवाला एक लांब गुंडाळी ठेवून गेला. जिनेंद्र खाली गिरणीत चहा सांगायला गेला होता. बाळासोनं सही केली आणि गुंडाळी फाडली. आतून बाप निघाला. छापलेला, कोट घातलेला, सोनेरी गुंड्यांसकट, खांदे एका पट्टीत.

जिनेंद्र वर आला तर बाळासो ते छापील चित्र उघडं धरून उभा. "सापडलासा! चार दिवस गाणी ऐकवलीसा मला! कापसाचं रान, चाल वाकवणं, आन आत ह्ये? माझी आये आज-उद्याची हाय, पेंटर! लाज वाटाय पायजे!"

जिनेंद्रनं चहाचे पेले खाली ठेवले. गुंडाळीवरची चिठ्ठी उचलून त्यानं बाळासोपुढं धरली. मागवणाऱ्याचं नाव होतं चेअरमन उदयसिंह.

"परवा फोन आलता त्यांचा. म्हणाले, तुमचं चित्र वेळेत व्हायचं न्हाय, एक छापून पाठवतो, त्यावर ब्रश फिरवून द्या. बाळासोला कळू देऊ नका. मी न्हाय म्हणून सांगितलं. तरी धाडलंच."

बाळासोनं तिथंच फोन लावला. चेअरमन हसले. "अरं, किती चिडतोस? पैलं बी तसंच होतं की. मीच सांगितलंतं दुकानदाराला, पुण्यतिथी गाठायची होती. जुलैपत्तोर कुणाला कळलं का? तू एवढा फॅट काढणारा, तुला तरी कळलं?"

फोन बंद झाला. एकतीस वर्षं अख्ख्या वाडीच्या दुधावर संशय घेतला, पण बरोबर टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या माणसावर त्यानं कधी घेतला नव्हता. आणि खरं सांगायचं तर स्वतःवरही नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. समजूत घालायचं जिनेंद्रला जमतच नसावं. त्यानं टेप लावला.

या वेळी एकटा माणूस होता आणि एक गिटार. गाणं सरळ चालतच नव्हतं. एक ठोका लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. ओझं घेतलेला माणूस एका पायावर रेलून चालावा तसं. खालून गिरणीची धडधड त्यात मिसळत होती. बाळासोची मान हळूहळू त्या ठोक्यावर हलायला लागली आणि एकाएकी थांबली.

"आमचं म्हातारं असंच चालायचं," तो म्हणाला.

जिनेंद्रनं टेपचा आवाज कमी केला.

"पहाटंला अंथरुणात ऐकू यायचं. धप्, टप. धप्, टप. डाव्या अंगाला क्यान, म्हणून डावा पाय जड पडायचा." बाळासोनं डोळे पुसले. "खोटं बोललो मी, पेंटर. खांदा सरळ न्हवता. पार खाली गेलता. फोटोत मीच उचलून धरलाय. मला लाज वाटायची बापाची."

जिनेंद्रनं भिंतीवरचा फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. "ठेवा खिशात. आता ह्याचं काम न्हाय. तुमी नुसतं सांगत ऱ्हावा."

मग दोन दिवस बाळासो बोलत राहिला आणि जिनेंद्र ब्रश चालवत राहिला. टेप वाजत होता. पेंटरचा पाय लाकडी फळीवर धप्, टप वाजत होता, आणि हात मधेच थांबून, मधेच घाई करून, कुठल्याही चौकटीशिवाय रंग लावत होता. सव्वापाचला सगळं बंद. सहाव्या दिवशी जिनेंद्र म्हणाला, "झालं. रंग ओला हाय, दोन-तीन आठवडं हात लावू नका."

बाळासो चित्रापुढं जाऊन उभा राहिला. बंडी, डोक्याला साधा पटका, डोळे पुढच्या वाटेवर, आणि डावा खांदा असा उतरलेला की बघणाऱ्याची मान वाकडी व्हावी. खांद्यावर कॅन नव्हता. तेवढी जागा पेंटरनं मोकळीच सोडली होती. बाप होता खरा. पण लोक काय म्हणतील?

लोक म्हणाले ते तसंच. पुण्यतिथीला कचेरीत चित्र लावलं आणि कुजबूज सुरू झाली. चेअरमन पुढं आले. "ह्ये काय? खांदा पडलाय की. पेंटरला दिसत न्हाय का तुझ्या? पावणं याच्या आत भिंतीकडं तोंड करून ठेव ते."

बाळासो घरी गेला आणि आईला घेऊन आला. ती पायरीपाशी अडली. "परत त्यो पावणाच आसंल न्हवं?" तिनं विचारलं. बाळासोनं तिला फक्त हात दिला. माणसं बाजूला झाली. मागच्या रांगेत जिनेंद्र उभा होता, त्याचाही पाय आज हलत नव्हता.

धोंडुबाईनं चित्राकडं बघितलं. तोंड तिला दिसत नसावं; तिची नजर तिथं थांबलीच नाही. ती कडेकडेनं उतरत डाव्या अंगाला गेली आणि तिथं अडकली. म्हातारी एक पाऊल पुढं सरकली. कुणीतरी म्हणालं, ओला हाय, हात लावू नका. पण तिनं लावला. सुरकुतलेली बोटं त्या उतरलेल्या खांद्यावरून सावकाश फिरली. बोटांना रंग लागला, तो तिनं पुसला नाही, आणि बाळासोनं तो हुंगून पाहिला नाही.

"अवो," धोंडुबाई चित्राला म्हणाली, "आता तरी क्यान खाली ठेवा की."